वाक्यात उपयोग करा

नंदनवनात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर
बोरकुटे सरांचा इंग्लिश स्पीकिंग क्लास.
जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ज्वारीचं पीठ,
वर्गात शिरलेला माणूस पायांनीच ओळखू यायचा.

फळ्यावर सरांनी लिहिलं : कोल्ड फीट.
मे महिना. पंचेचाळीस डिग्री.
कूलरला चिकटून बसलेला प्रफुल्ल चाचेरकर म्हणाला,
"सर, म्हणजे नशीबवान माणूस."
सरही हसले. मग खडू खाली ठेवला.
"शब्दाच्या पोटात शिरून अर्थ सापडत नसते बाबू.
त्याच्या बाजूला कोण उभं आहे, ते पाय.
कूलर आहे, का लग्नाचा मांडव."

मी वहीत उतरवून घेतलं.
त्याखाली, सरांच्या सवयीप्रमाणे : वाक्यात उपयोग करा.
आणि चार ओळींची जागा सोडली.

त्याच आठवड्यात बावाला ऊन लागलं.
(हे आता सांगा कुणी इंग्रजीत.
ऊन काय, सगळ्यांनाच लागतं.)
मिहानच्या पलीकडे एका लेआउटवर चौकीदारी करायचा तो.
चुन्याच्या रेघा, नंबरांचे दगड,
आणि झाड फक्त बोर्डावरच्या चित्रात.

मेडिकलच्या वॉर्डात मोठे डॉक्टर आले,
शिकाऊ पोरांना भराभर काही सांगितलं,
जाता जाता माझ्या हातातली वही पाहून म्हणाले,
"ही इज नॉट आउट ऑफ द वूड्स येट."

मायनं माझी बाही ओढली.
"काय म्हन्ते वं डाक्टर?"

मला येत होतं. सदतीस नंबरचा वाक्प्रचार,
अर्थाखाली मी दोनदा रेघ मारली होती.
पण तोंडातून नुसती टरफलं पडली :
"अजून जंगलातून बाहेर नाही आला म्हणते."

"मंग बरं हाय," माय म्हणाली.
"मले वाटलं का काय झालं."
पदरानं तोंड पुसलं,
आणि दोन दिवसांत पहिल्यांदा डबा उघडला.

मी तिला जेवताना पाहत राहिले.
तिच्या त्या एका शब्दाच्या बाजूला कोण कोण उभं होतं :
टोपलीभर मोहफुलं, फेब्रुवारीतली जाळरेषा,
कुठल्या नाल्यात वाघीण पिल्लं घेऊन बसली आहे
ते वासावरून सांगणारा, चाळिशीतला बावा.
आणि नऊ वर्षांपूर्वीचा एक ट्रक.
साहेबांनी नारळ दिला होता, प्लॉटचा नंबर दिला होता,
हसून म्हणाले होते, सुटलात, आता जंगलाबाहेर.
कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन माय
उमरेड रोड लागेपर्यंत मागं तोंड करून बसली होती.

मी काही दुरुस्त केलं नाही.
बावाच्या पायांना हात लावला. गार होते.
कूलर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, तोही बंद.
गार कुणाचे पाय होते, त्याचे की माझे,
ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतःहून थांबले.
म्हणाले, "आउट ऑफ द वूड्स."
मायनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.
या खेपेला मी शब्द बाजूला ठेवले.
"घरी न्या म्हणते."

मायचा चेहरा पांढरा पडला.
घरी न्या असंही सांगतात ना आपल्याकडे,
हात टेकल्यावर.
मग तिनं बाजूला पाहिलं.
नर्स सलाईनची सुई काढत होती,
कुणाच्या तरी पोराच्या बारशाबद्दल बोलत.
बावानं डोळे उघडले होते.
मायनं कुणालाही न विचारता
खाटेखालची चप्पल त्याच्या पायांशी सरकवली.

बावानं चप्पल पाहिली, मला पाहिलं.
ओठ सुकले होते, तरी आवाज तोच,
जाळरेषेवरून हाका मारणारा :

"कोन्त्या घरी?"

वहीतल्या चार ओळी
अजून कोऱ्या आहेत.